दोनशे पासष्ट अंश

लिलावात बोली लावणारे दोघंच.
एक कणकवलीचा भंगारवाला, त्याला फक्त झाकण हवं होतं.
दुसरे जनार्दन होलम, बोटीवरून रिटायर,
दोन्ही गुडघ्यांत वारा धरलेला.
त्यांना भोक हवं होतं.

मी वेल्डर. माझ्याकडं जिना.
सव्वीस मीटर खोल, गोल, कोपरा म्हणून नाही.
वर देवगडच्या अलीकडचा सडा,
दोन महिने फुलणारा, दहा महिने तव्यासारखा,
आणि जांभा फोडून त्यात उतरवलेला सिमेंटचा नळ.
माझे आजोबा होते तिथं रोजंदारीवर.
घरी सांगायचे, सरकारी विहीर खणतोय.
वाडीनं सात वर्षं पाण्याची वाट पाहिली.

आतलं अस्त्र कुणीच बघितलं नाही,
आलं कधी, गेलं कधी.
कुंपणाला पाटी, पाटीवर कवटी.
गुरांना अक्षरओळख नव्हती,
ती खुशाल आत जाऊन चरायची.

होलम म्हणाले, तळाला कोठी,
त्याच्यावर मोरी, त्याच्यावर निजायचं,
चूल अगदी वर, धूर झाकणातून जाईल.
मी म्हटलं, काका, या वयात माणसं तळमजला शोधतात.
मग मी काय घेतलाय, ते म्हणाले,
जरा खाली आहे, एवढंच.

वास्तुशांतीच्या आधी गावकारानं गाऱ्हाणं घातलं,
बा म्हाराजा, हय जा काय इला
आनि जा काय इलाच नाय,
तेका सगळ्याक सांभाळून घी.
व्हय म्हाराजा, आम्ही म्हटलं.
खालून ते एकदा जास्तच आलं.

भटजींनी विचारलं, ईशान्य कुठली?
होलमांनी होकायंत्र काढलं.
काटा गरगरला, थांबेचना, भिंतीत एवढं लोखंड.
शेवटी अंदाजानं नारळ ठेवला
तो घरंगळत मधोमध, गटाराच्या जाळीवर.

जिन्याचा नववा टप्पा बसवताना
गंजाखाली पितळेची पट्टी लागली.
सवयीनं मी चिंच लावून घासली.
आकडा वर आला, दोनशे पासष्ट अंश,
खाली अंतर, त्याच्या खाली साल.

होलमांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं.
मग कधी नव्हे ते कठडा न धरता वर गेले,
ट्रंकेतला नकाशा आणला,
माझ्या लोखंडी पट्टीनं रेघ मारली
समुद्रावरून, सरळ, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
तिथं एक बंदर होतं. नाव घेतलं नाही त्यांनी.

त्या साली, म्हणाले, आमचं इंजिन बसलं.
एकोणचाळीस दिवस धक्क्याला, पगार बंद.
एक पाववाला होता, नाव आता आठवत नाही,
उधारीवर द्यायचा.
वहीत माझं नाव त्याला लिहिता येईना,
मासा काढायचा.
रात्री डेकवर उताणा पडून
मी घराची दिशा शोधायचो.
पूर्वेला, थोडी वर.
म्हणजे मी इकडं बघत होतो
तेव्हा हे तिकडं बघत होतं.

मी कटर बंद केला.
काहीतरी बोलायला हवं होतं.
विचारलं, पट्टी काढू की ठेवू?
काढली तर इथला वेल्ड पुन्हा, पैसे वाढतील.

ठेवली. तिच्या शेजारी हुक मारून घेतला,
त्याला जाळीचा झोपाळा.
झाकण हल्ली उघडंच असतं,
वर ताटाएवढं आभाळ,
एखादी घार अर्धी येते, अर्धी जाते.

परवा बिलासाठी गेले तर
होलम भिंतीवर खडूनं लिहीत होते.
एकोणचाळीस गुणिले दोन पाव,
वजा सहा, पहिल्या तीन दिवसांचे, तेव्हा पैसे होते.
बहात्तर, ते म्हणाले,
आणि तेव्हाचा भाव काय होता यावर अडले.

माझे साडेचार हजार अजून यायचेत.